मोडण्याआधी एक फोटो तरी काढा!

डिचोली तालुक्यातल्या एका देवळात (नाव लिहीत नाही, तिथे माझं जाणं-येणं आहे) काही वर्षांपूर्वी एक परदेशी बाई वही आणि कॅमेरा घेऊन आली होती. बाहेरच्या भिंतीवर कावीकाम होतं, ते तिला टिपायचं होतं. समितीतल्या एका ज्येष्ठ महाजनांनी तिला पाटी दाखवली... 'फोटो काढण्यास सक्त मनाई'. मी मध्ये पडलो. म्हटलं, "काका, बाहेरची भिंतच तर आहे, काढू दे की!" काका म्हणाले, "तुला कळत नाही रे. हे लोक फोटो नेतात, पुस्तकं छापतात, पैसे करतात. आमच्या हाती काय?" बाई नमस्कार करून निघून गेली.

दोन पावसाळे गेले, जीर्णोद्धाराचं काम निघालं आणि ती भिंत पाडली. आज तिथे चकचकीत टाईल्स आहेत, न्हाणीघराला लावतात तशा. भिंतीवर नेमकं काय होतं हे आता गावात दोघे दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणतो गजलक्ष्मी, दुसरा म्हणतो नुसती वेलबुट्टी.

कावी म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावं लागतं. चुन्याचा गिलावा, त्यावर लाल मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. चित्र भिंतीवर नसतं, भिंतीतच असतं. त्यामुळे ते काढून दुसरीकडे लावता येत नाही. भिंत गेली की चित्र गेलं. साळावली धरणात बुडणारं कुर्डीचं महादेवाचं देऊळ दगडादगडाला आकडे घालून दुसऱ्या जागी उभं करता आलं, कारण तो दगड होता. चुन्याला आकडे घालता येत नाहीत हो!

आता काकांचा मुद्दा. परदेशी माणूस येतो, आमचं नेतो. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्यात काहीच तथ्य नाही असं म्हणणार नाही. १९५१ साली मारिओ ताव्हारिस शिको हे पोर्तुगीज कलेतिहासकार छायाचित्रकार आणि आरेखक घेऊन गोव्यात आले आणि इथल्या वास्तू पद्धतशीर टिपून गेले. मुख्य भर चर्चवर. त्याच वर्षी सालाझारच्या सरकारनं घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा, हे जगाला दाखवायला असे फोटो सोयीचे होते. कॅमेरा निष्पाप नसतो हे मलाही कळतं.

पण मग फादर हेरासांचं काय करायचं? एन्रिक हेरास, जन्म बार्सिलोनाचा, जेझुइट पाद्री. १९२२ साली मुंबईत आले ते कायमचे. १९२६ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी इतिहास संशोधन संस्था काढली. १९२९ मध्ये चांदरला उत्खनन करून त्यांनी जुन्या शिवमंदिराचा पाया उघडा केला. शिर नसलेला नंदी तिथे अजून आहे. कोलवाळजवळच्या मुशीर गावात त्यांना बुद्धमूर्ती सापडली. पोर्तुगीजांच्या आधीच्या गोव्याच्या अवशेषांवर त्यांनी १९३२ साली छायाचित्रांसह निबंध छापला. पाद्री असून! ज्या काळात आमचे शिकलेले लोक लिस्बनकडे डोळे लावून होते, त्या काळात हा स्पॅनिश माणूस आमच्या शेतातले दगड उलटे करून बघत होता.

"ती मूर्ती मुंबईला नेली ना पण!" असं एका व्याख्यानानंतर कुणीतरी ओरडलं होतं. नेली. हेरासांच्या संस्थेत ती आहे, नोंद आहे, कुणालाही जाऊन बघता येते. इथे राहिली असती तर आज कुठे असती, याची पैज लावायला मी तयार आहे.

चित्रकलेतही तीच कथा. सांतो इस्तेव्हांवचे आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले आणि साडी नेसलेली मारिया रंगवू लागले. इथल्या धर्मनिष्ठांना ते खपलं नाही, आणि ते पुण्याला गेले. त्यांना पाठबळ देणाऱ्यांत हेच हेरास होते. पुढे पुण्याच्या स्नेहसदनचे जर्मन फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी भारतातल्या ख्रिस्ती चित्रकलेवर पुस्तक लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये निघालं. आता फोन्सेकांची कितीतरी चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत आणि आम्ही अभिमानानं 'आमचा फोन्सेका' म्हणतो.

पावलु व्हारेला गोमिश हे नाव किती जणांना ठाऊक आहे? पोर्तुगीज अभ्यासक, गोव्यात राहून गेले, २०१६ मध्ये वारले. गोव्याच्या चर्चबांधणीवर त्यांचं पुस्तक २०११ साली आलं. त्यांचं म्हणणं असं की ही चर्चेस युरोपची नक्कल नाहीत, ती गोव्याची स्वतःची घडण आहे. एका पोर्तुगिजानं हे लिहावं! पण हे सिद्ध करता आलं कारण चर्चेस उभी आहेत, एकाशेजारी एक ठेवून ताडून बघता येतात. आमच्या देवळांचं तसं कुणाला करायचं झालं तर? घुमट, दीपस्तंभ, कौलारू सभामंडप, मराठी आणि युरोपी वळणांची ती सरमिसळ... किती गावांत मूळ रूपात उरली आहे? नार्वेच्या सप्तकोटेश्वराचं काम सरकारनं करून २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं केलं, हे चांगलं झालं. पण ते शिवाजी महाराजांच्या नावामुळे. साध्या ग्रामदेवतेला कोण विचारतो?

मी जीर्णोद्धाराच्या विरोधात नाही. वाळवी लागलेल्या वाशांखाली बसून आरती करा असं सांगणारा मी कोण? देव जिवंत आहे तर देऊळही बदलणार. मूर्तिचोरांची भीतीही खरी आहे, गर्भकुडीत कॅमेरा नको हे मला पूर्ण मान्य. पण बाहेरच्या भिंतीनं कुणाचं काय घोडं मारलंय?

कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट अंगात भिनते. नोंद नाही तर वस्तू नाही. देवस्थानांचा कायदा पोर्तुगीज काळातला, मामलेदार प्रशासक. महाजनांची यादी, जमाखर्च, सगळं कागदावर. मानपानाच्या वादात तर शंभर वर्षांपूर्वीचा कागद पुराव्याला येतो. आणि भिंतीवर काय होतं? कोरा कागद.

गेल्या वर्षी तेच काका माझ्या घरी आले. देवस्थानची स्मरणिका काढायची होती. "जुन्या देवळाचा एखादा फोटो आहे का रे तुझ्याकडे?" शोधून शोधून एक मिळाला, आतेभावाच्या मुंजीतला. पंधरा-सोळा डोक्यांच्या मागे वीतभर कावी दिसते, तीही बटूच्या मामाच्या टोपीआड. तोच छापला. काका त्या बाईविषयी काही बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेला आमच्या विठ्ठलापुरात वाळवंटीत नौका सोडतात तेव्हा काठावर हजार मोबाईल वर झालेले असतात. म्हणजे कॅमेरा नाही ही सबब संपली. जीर्णोद्धाराचा ठराव घेताना त्याच बैठकीत एवढंच घाला: चारी बाजूंचे फोटो, खांब, छत, कावी जवळून, शेजारी माप कळायला मोजपट्टी. एक प्रत देवस्थानच्या कपाटात, एक पणजीला पुराभिलेख खात्यात. त्यासाठी वर्गणी काढावी लागणार नाही. आणि कुणी परदेशी विद्यार्थी दारात आला तर त्याला चहा द्या, फोटो काढू द्या, आणि जाताना प्रती मागून घ्या.