नकार ऐकायला शिकवा

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. ती वाचली नाही. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. रस्त्यावरचे विद्यार्थी मध्ये पडले म्हणून ती बचावली. नकाराच्या रागातून घडणाऱ्या अशा प्रत्येक घटनेनंतर मुलींना बजावले जाते: लवकर घरी ये, कुणाला नंबर देऊ नकोस, हसून बोलू नकोस. नकार पचवायचा कसा, हे मुलग्यांना मात्र कोणी सांगत नाही.

नकारासारखीच संमतीही मुलग्यांना कोणी समजावत नाही. शरीरसंबंधाला प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही, ती स्वेच्छेने आणि निःसंदिग्ध दिलेली हवी, हे कायद्याने २०१३ मध्ये स्पष्ट केले. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता. अंगावर जखमा नाहीत, याचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले. त्या घटनेपासून संमतीच्या या व्याख्येपर्यंत यायला चार दशके लागली. दहावीतल्या मुलापर्यंत मात्र ती अजून पोचलेलीच नाही. पाठलाग करत राहिले की मुलगी शेवटी हो म्हणते, हेच तो सिनेमात बघत आला आहे.

महाराष्ट्रात र. धों. कर्वे १९२७ पासून लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. त्याच महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी घातली. मुले बिघडतील ही भीती होती. मुले मग मोबाइलकडून शिकली.

आईवडिलांनी आणि शिक्षकांनी साध्या शब्दांत बोलावे. आज हो म्हणालेली उद्या नाही म्हणू शकते. पासवर्ड मागणे, सतत लोकेशन पाठवायला लावणे, मैत्रिणी तोडायला सांगणे, याला काळजी समजू नये. नकार मिळाला तर रडावे, मित्राशी बोलावे. तिच्या दारात जाऊन उभे राहू नये. अठरा वर्षांखालच्या संमतीला कायदा संमती मानत नाही, हेही सांगावे. एकमेकांवर जीव असलेल्या कित्येक मुलामुलींना पोक्सो हा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा पहिल्यांदा कळतो तो पोलीस ठाण्यातच.

शिक्षण खात्याने यासाठी आठवीपासून वेळापत्रकात तास द्यावा, शिकवणाऱ्यांना नीट प्रशिक्षण द्यावे आणि मुलामुलींना एकाच वर्गात बसवून तो घ्यावा.