एका तबेल्याची दोन शतके

इंग्लंडमधील ब्रायटनचे ‘डोम’ हे सभागृह मुळात युवराजांच्या, म्हणजे भावी राजे चौथे जॉर्ज यांच्या, घोड्यांचा तबेला होते. १८०३ ते १८०८ या काळात ते बांधले गेले. १८५० मध्ये नगराने राजवाड्यासह ही वास्तू विकत घेतली; १८६७ मध्ये तेथे संगीतसभागृह झाले. पहिल्या महायुद्धात याच घुमटाखाली जखमी हिंदी सैनिकांवर उपचार झाले, तर १९७४ मध्ये येथेच ‘अ‍ॅबा’ने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. आजही तेथे मैफली रंगतात. मूळ उपयोग संपताच जुन्या वास्तू पाडण्याची घाई पुण्या-मुंबईतही होते. ब्रायटनचा तबेला टिकला, तो सार्वजनिक मालकी आणि काळानुरूप नवा उपयोग यांमुळे. वारसायादीतील नोंद एवढ्यावर वास्तू जगत नाही. तिला काम द्यावे लागते.