नवजात बाळाची फिट लपवू नका, ईईजीला नाही म्हणू नका

सर्व आई-वडील, आजी-आजोबा आणि आशाताई यांना नम्र आवाहन.

बाळंतपण सुखरूप झाले, बाळ लगेच रडले, अंगावर पिऊ लागले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाचवी पुजण्याआधीच, त्याला फिट आली. असे झाले तर घाबरू नका, पण वेळही दवडू नका.

नवजात बाळाची फिट मोठ्या माणसासारखी नसते. कधी एका बाजूचे हातपाय ताठ होतात, श्वास अडून ओठ निळे पडतात. कधी नुसती नजर खिळते, ओठ चोखल्यासारखे हलतात. थरथरणारा हात अलगद धरला की साधी थरथर थांबते. फिट थांबत नाही. काही फिट तर बाहेर दिसतच नाहीत, त्या फक्त मेंदूच्या लहरींत उमटतात. म्हणूनच ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, लागतो.

बहुतेक बाळांत कारण जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूतील रक्तस्राव, जंतुसंसर्ग, साखर किंवा कॅल्शियम उतरणे हे असते. यातले काहीच सापडले नाही, तर दोष जनुकात असू शकतो. ‘केसीएनक्यू-२’ हे अशा जनुकांपैकी एक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जनुकात दोष असलेल्या बाळांच्या मेंदूच्या लहरींचा ठरावीक नमुना दिसला: फिटमध्ये आलेख एकदम उसळतो आणि लगेच खूप खाली बसतो. त्यावरून डॉक्टरांना संशय येतो. रक्ताच्या जनुकीय तपासणीने खात्री होते. या निदानाचा फायदा औषध निवडताना होतो. एरवी आधी फेनोबार्बिटोन देतात, पण या बाळांना कार्बामाझेपिनसारखे औषध अनेकदा अधिक लागू पडते. औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

आमची कळकळीची विनंती:

१. फिट आली की बाळाला कुशीवर करा, वेळ पाहा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवणे, डागणे, अंगारा यांत वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत.

२. ईईजीला नकार देऊ नका. त्यात शॉक नसतो, सुई नसते. डोक्याला पेस्टने तारा चिकटवतात, त्या फक्त लहरी टिपतात. दूध पिऊन बाळ झोपले तरी तपासणी चालू राहते. डॉक्टरांनी चोवीस तास नोंद ठेवायला सांगितले, तर तारा मध्येच काढायला लावू नका.

३. घराण्यात कुणाला तान्हेपणी आकडी येऊन पुढे थांबली असेल, तर ते सांगा. पोरींची लग्ने अडतील म्हणून झाकलेली हीच गोष्ट निदानाचा पहिला धागा असते. आजीबाईंनी तर आवर्जून आठवून सांगावे.

४. सुनेला बोल लावू नका. जनुकातला असा बदल आईकडून येऊ शकतो तसा वडिलांकडूनही. अनेकदा तो बाळातच नव्याने होतो. दोष कुणाचाच नसतो.

५. आशाताई, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटीत वजन-तापासोबत एवढेही विचारा: “बाळ मध्येच ताठ होते का? निळे पडते का?”

काही बाळांच्या फिट काही महिन्यांत आपोआप थांबतात, काहींची वाढ खुंटते. दोन्ही प्रकारच्या फिट सुरुवातीला सारख्याच दिसू शकतात. तेव्हा वाट पाहू नका. फिटची शंका आली त्याच दिवशी बाळाला नवजात शिशु कक्षात आणा.

आपले,
नवजात शिशु कक्षातील डॉक्टर आणि परिचारिका