पत्त्यांचंही गाईड?

'मार्व्हल चॅम्पियन्स' हा २०१९ सालचा पत्त्यांचा खेळ. एक ते चार जणांनी मिळून खलनायकाशी लढायचं. नायकाची १५ पानं ठरलेली. बाकीची निवडून ४० ते ५० पानांचा कॅट आपण बांधायचा.

पण आमची नातवंडं नेटवरची तयार यादी उतरवतात! "आजोबा, हीच जिंकते." अरे, पण हे पान का घेतलंस? उत्तर नाही. शाळेतली गाईडं बरी म्हणायची!

इथे एक पान खेळायला हातातली दुसरी टाकून किंमत मोजावी लागते. कशावर पाणी सोडायचं, हे यादी सांगत नाही. सगळेच मारामारीत रमले तर खलनायकाचा कट तडीस जातो आणि सगळेच हरतात. म्हणून शेजारी कोण बसलंय ते पाहून पानं निवडायची. यादीवाल्याला तुमची ताई ठाऊक आहे का?

हरा खुशाल, पण स्वतः बांधलेल्या कॅटने!