अंगठा न उमटणाऱ्या आजीला परीक्षक करा

गेल्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये मी परीक्षक होतो. विषय होता 'बँकिंगचे भविष्य'. रात्र जागून मुलांनी बनवले काय? चॅटबॉट आणि झटपट कर्जाची अ‍ॅप्स. बक्षीसही अशाच एका अ‍ॅपला गेले. गुण मीही दिले.

त्याच महिन्यात तलासरीला बँकमित्राच्या रांगेत उभा होतो. पुढच्या आजीने आधारच्या मशीनवर चार वेळा अंगठा टेकवला. शेतात राबून रेषाच झिजलेल्या. पैसे खात्यात होते, तरी ती रिकाम्या हाताने परतली.

मग हे भविष्य नक्की कोणाचे?

प्रश्न नवा नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या 'हार्बिंजर' स्पर्धेत ओळख पटवण्याचे पर्यायी मार्गच मागितले होते. २०२३ मध्ये दिव्यांगांसाठी सोप्या सेवा. तरी आपल्या कॉलेजांत तो पोहोचत नाही, कारण तिथे परीक्षक माझ्यासारखे असतात. आम्हाला चकचकीत स्क्रीन आवडते.

बक्षिसाने नोकरी लागते, हे मान्य. पण ज्या डहाणूत वाढलो तिथली रांग आपल्याला दिसत नसेल, तर पुण्या-बंगळुरूच्या मुलांकडून काय अपेक्षा?

पुढच्या स्पर्धेआधी एक दिवस बँकमित्राच्या टेबलाशी बसा. अंगठा नाकारला की पुढे काय, नेट गेले आणि पैसे कापले गेले तर तक्रार कोण घेतो, लिहून आणा. आणि आयोजकांना ठणकावून सांगा : अंतिम फेरी तलासरीत घ्या. गुण ती आजी देईल.