तपासनीसच दुकानदार असेल तर?

गेल्या दिवाळीच्या सुमारास भोसरीच्या एका कारखानदाराचा फोन आला. "साहेब, पत्र आलंय. आजच येऊन जा." आवाज असा की मला वाटले, आयकराची धाड पडली. जाऊन पाहतो तर दोन पानी पत्र. एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या वतीने आलेले. भाषा सभ्य, पण तिच्यातली धार लपत नव्हती. आपल्याकडील संगणकांवर आमची कोणती सॉफ्टवेअर आहेत याची तपासणी करावयाची आहे, सोबतचा तक्ता पंधरा दिवसांत भरून पाठवावा, अन्यथा कायदेशीर मार्ग मोकळे आहेत. कारखाना बावीस माणसांचा, संगणक नऊ. मालकाने विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "रात्रीतून सगळं पुसून टाकू का?"

मी त्याला हात जोडून सांगितले, एका कळीलाही हात लावू नका. पुसल्याची खूण संगणकावर राहतेच, आणि मग जी चूक निष्काळजीपणाची होती ती लबाडीची ठरते.

गेली तीसेक वर्षे मी लहान कारखान्यांचे हिशेब तपासतो. 'ऑडिट' हा शब्द आमच्या पेशाचा. त्याला एक शिस्त आहे. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्या धंद्यात आमचा पैसा असता कामा नये, आमचे घरचे माणूसही गुंतलेले असता कामा नये. सॉफ्टवेअरच्या या तथाकथित ऑडिटमध्ये मात्र तपासणारा विक्रेत्याचा माणूस असतो, तूट किती ते तोच ठरवतो, आणि त्या तुटीचे बिलही त्याच घरातून येते. वाण्याने आपल्या स्वयंपाकघरात येऊन डबे उघडावेत आणि जाताना महिन्याची यादी हातात द्यावी, तसला हा प्रकार. म्हणूनच माझे म्हणणे आहे की अशा पत्राकडे तपासणी म्हणून न पाहता एक व्यापारी दावा म्हणून पाहावे. दाव्याला द्यायचे असते ते उत्तर. शरणागती पत्करण्याचे कारण नाही.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही चोरांची वकिली करता आहात. तसे नव्हे. चोरी ती चोरीच. देवनागरी टंक घडवणाऱ्या आपल्याच मंडळींची मेहनत गावोगावच्या छपाईवाल्यांनी कशी फुकट वाटून घेतली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तेव्हा आपल्यापैकी फारसे कुणी हळहळले नव्हते. परंतु सीडीवर चोरीचा माल विकणारा आणि जुना संगणक टेबलावरून टेबलावर सरकवताना त्यातले सॉफ्टवेअर काढायला विसरलेला, या दोघांना एकाच दोरीने बांधणे न्यायाचे नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियातली एर्नी बॉल ही गिटारच्या तारा बनवणारी कंपनी. २००० साली बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून तिथे सशस्त्र मार्शलांसह तपासणी झाली. सत्तरेक संगणकांपैकी जेमतेम आठ टक्क्यांवर विनापरवाना सॉफ्टवेअर निघाले, तेही बरेचसे जुने संगणक एका विभागाकडून दुसऱ्याकडे गेल्यामुळे. तडजोड आणि वकिलांचा खर्च मिळून लाखाच्या आसपास डॉलर गेले. वर आसपासच्या कंपन्यांना धाक घालायला त्यांचेच उदाहरण जाहिरातीत वापरले गेले. मालक स्टर्लिंग बॉल इतके संतापले की काही महिन्यांत त्यांनी सारी कंपनी लिनक्सवर नेली. सगळ्यांना ते परवडेल असे नाही, आमच्या भोसरीकराला तर नाहीच. त्याचे गिऱ्हाईक ज्या सॉफ्टवेअरमध्ये आराखडे पाठवते, तेच त्याला वापरावे लागते.

मोठ्यांचे निराळे. चॉकलेट बनवणारी मार्स कंपनी ओरॅकलच्या तपासणीला कंटाळून २०१५ मध्ये स्वतःच कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेली. दोन लाखांहून अधिक पाने दिली तरी मागणी थांबत नाही, करारात आहे त्याहून जास्त माहिती का द्यावी, हा तिचा सवाल होता. दोन-तीन महिन्यांत प्रकरण आपसात मिटले. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की तपासणीचा अधिकार करारातून येतो, आणि करार जेथे संपतो तेथे तोही संपतो. आपल्याकडे करार वाचतो कोण? 'मान्य आहे' या चौकोनावर टिचकी मारणारा बहुधा संगणक दुरुस्तीला आलेला पोऱ्या असतो.

आता कायदा. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब हे १९९४ च्या दुरुस्तीने आले. संगणकावर बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा, पण पत्रातून तो नेमका गळालेला असतो. कलम ६० आहे, निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचे. ते तर पत्रात असण्याचा प्रश्नच नाही. दुसरीकडे, न्यायालये आयुक्त नेमून अचानक तपासणीला पाठवतात, हेही खरे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात अशा नेमणुकांना पाठबळ दिले. मात्र त्याच निकालात असेही सुचवले की पुरावा पक्का नसेल तर कंपनीकडून आधी रक्कम भरून घेता येईल, म्हणजे काही न सापडल्यास झालेल्या त्रासाची भरपाई देता येईल. ही दुसरी बाजू आपल्या उद्योजकांच्या कानावर कुणी घालत नाही.

भोसरीत आम्ही काय केले? पहिल्यांदा वकील गाठला. वकिलाला सांगितलेले कायद्याने गोपनीय राहते, आमच्यासारख्या हिशेबनीसाला सांगितलेले तसे राहत नाही, हे कबूल करायला मला लाज नाही. त्यांनी पाठवलेला तपासणीचा प्रोग्रॅम चालवला नाही. मोजणी आपली आपण केली. सहा संगणकांची बिले सापडली, त्यातली दोन तर घरच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली. दोन संगणक जुने विकत घेतलेले, सॉफ्टवेअरसकट. नवव्यावर कुणा शिकाऊ मुलाने स्वतःच्या सरावासाठी काहीतरी टाकले होते, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. पत्र आल्यावर घाईने नवे परवाने घेतले नाहीत. पत्राच्या तारखेनंतरच्या खरेदीने मागची तूट भरून निघत नाही.

माहिती फक्त याच कामासाठी वापरावी असे लेखी घेऊन मगच आकडे दिले. त्यांनी मागितले नऊ परवाने, मागील वर्षांचे शुल्क आणि वर दंड. पाच महिने पत्रे चालली. अखेर तीन परवान्यांची चालू किंमत देऊन मिटले. मागचा सारा दावा सोडल्याचे आणि आम्ही गुन्हा कबूल केला नसल्याचे कागदावर आले. या दुसऱ्या वाक्यासाठी वकिलाने शेवटचा महिना घालवला.

त्याच रांगेतल्या शेजाऱ्याला तसेच पत्र आले होते. त्याने आठवड्यात मागितली तेवढी रक्कम भरली. त्याच्याकडे आमच्यापेक्षा कमी संगणक होते. बिलेही असावीत, पण ती शोधायला त्याला कुणी सांगितलेच नाही.

औद्योगिक वसाहतींच्या संघटना वीजदर, पाणी, रस्त्यांवरचे खड्डे यासाठी भांडतात. एक वकील आणि एक जाणता तंत्रज्ञ सभासदांसाठी बांधून ठेवणे त्यांना अवघड नाही. मी हे एका संघटनेच्या सचिवांना सुचवले. त्यांनी उत्साहाने या विषयावर व्याख्यान ठेवले, पत्रिकाही मला आवर्जून पाठवली. वक्ते म्हणून त्यांनी बोलावले होते सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका एजन्सीच्या व्यवस्थापकांना.