मुलांस चुलीपाशी येऊ द्यावे

आपल्या जालना जिल्ह्यातील कित्येक शेतकऱ्यांची मुले पुढील शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर अथवा पुणे येथे खोली घेऊन राहतात व खाणावळीचा डबा लावतात. एखादे दिवशी डबा चुकला, म्हणजे घरी पोत्यांनी धान्य असलेला हा मुलगा बिस्किटांच्या पुड्यावर रात्र काढतो. यात त्याचा दोष आम्ही मानीत नाही. त्यास स्वयंपाकघरात कोणी बसूच दिलेले नसते.

हे सांगण्याचा आमचा अधिकारही बेताचाच. महसूल खात्यात ज्वारीच्या पैसेवारीचे कागद आम्ही वर्षानुवर्षे लिहिले. परंतु सेवानिवृत्तीनंतर त्याच ज्वारीची भाकरी थापावयास बसलो, तेव्हा पहिल्या तीन परातीतच तुटल्या. गव्हाच्या कणकेचा चिकटपणा ज्वारीच्या पिठास नसतो. म्हणून त्यात आधणाचे पाणी घालून ते तळव्याने रगडावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, व मग कितीही मळले तरी कडा फाटतात. आमच्या घरी हे सर्वांस ठाऊक होते, एक आम्हीच अडाणी!

पूर्वी शेतातील धान्य खळ्यावरून घरात येताना मूल पाहत असे. आता सोयाबीन व कापूस शेतातून थेट बाजारात जातात, आणि ज्वारीचा पेरा घटला आहे. अशा काळात पिकाचा व पोटाचा संबंध मुलास कळावा कोठे? १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला, व पुढे सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये स्वयंपाकाचे कामही शिक्षणात धरले गेले. तेथे मुलगे व मुली असा भेद नव्हता, हे विशेष.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत दहा वर्षांची पोर कोपीपुढे भाकऱ्या थापते, धाकट्या भावंडास सांभाळते, आणि तिची शाळा बुडते. तिला आणखी स्वयंपाक शिकवा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे जमीनदार घरांतील मुलग्यांविषयी आहे. कित्येक बापांस यात कमीपणा वाटतो. मुलास ट्रॅक्टरवर बसविताना मात्र त्याच्या वयाचा विचार त्यांच्या मनात येत नाही.

लहानग्याने मेथी निवडावी, शेंगा सोलाव्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने पीठ मळावे. आधणाचे पाणी मात्र मोठ्यानेच ओतावे. तवा व विळी त्यानंतर, आणि वडील माणूस शेजारी असतानाच.

पौषात हुरड्याच्या आगटीभोवती मुले बोलावल्यावाचून जमतात, कणसे भाजतात, हाताने चोळून खातात. त्याच वेळी शाळूचा एक वाफा घरच्या मुलाच्या नावाने राखून ठेवावा. फाल्गुनात ती ज्वारी त्यानेच पाखडून दळून आणावी व पहिली भाकरी थापावी. ती तुटली तरी बापाने आपल्या ताटात वाढून घ्यावी.